खोऱ्यांची रेजिमेंट : इटलीच्या आठव्या अल्पिनी रेजिमेंटचा इतिहास (थ्रेड)

२८ मार्च १९४२ च्या रात्री, ग्रीसलगतच्या आयोनियन समुद्रात 'गालिलेआ' या इटालियन जहाजावर एका ब्रिटिश पाणबुडीने टॉर्पेडो सोडला. जहाज ग्रीसहून मायदेशी निघालेल्या सैनिकांनी भरलेले होते. टॉर्पेडो लागल्यावर ते काही तास तरंगत राहिले आणि मग बुडाले. सुमारे हजार माणसे मेली.

मृतांतील सर्वांत मोठा गट 'जेमोना' या एका बटालियनचा होता. सहाशेहून अधिक सैनिक, आणि त्यांतले बहुसंख्य इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातील डोंगराळ गावांचे. एकाच टापूतील इतकी माणसे एकाच जहाजावर का होती? याचे उत्तर त्यापूर्वी सत्तर वर्षे काढलेल्या एका राजाज्ञेत आहे.

इटली एकसंध राष्ट्र म्हणून उभे राहिले ते १८६१ मध्ये. १८६६ मध्ये ऑस्ट्रियाकडून व्हेनेतो आणि त्यालगतचा फ्रिउली प्रदेश मिळाला, आणि नव्या राष्ट्राची उत्तर सीमा आल्प्सच्या रांगांवर जाऊन टेकली. ही सीमा राखायची कशी? तत्कालीन सेनानींचे मत असे की, डोंगरात लढत बसू नये. शत्रूला खाली उतरू द्यावे आणि पो नदीच्या मैदानात गाठावे. म्हणजे डोंगरातल्या गावांनी आपापले नशीब पाहावे.

जुझेप्पे पेरुक्केत्ती नावाच्या एका कॅप्टनने याच्या उलट मांडणी केली. प्रत्येक खोरे त्या खोऱ्यातल्या माणसांनीच राखावे. त्यांना खिंडी माहीत असतात, हिमकडा कधी कोसळतो ते कळते. आणि पाठीमागे स्वतःचे घर असले की माणूस सहसा मागे सरत नाही. युद्धमंत्री रिकोत्ती यांना ही कल्पना पटली. पण नव्या सैन्यदलाच्या खर्चाला संसद मान्यता देईल याची त्यांना खात्री नव्हती. तेव्हा भरती जिल्ह्यांची संख्या वाढवण्याच्या एका कोरड्या प्रशासकीय आज्ञेतच या नव्या कंपन्या घुसवण्यात आल्या. तारीख होती १५ ऑक्टोबर १८७२. कंपन्या पंधरा. जगातील सर्वांत जुने गणले जाणारे पर्वतीय पायदळ असे कारकुनी आडोशाने जन्माला आले.

या सैनिकांना अल्पिनी म्हणतात. त्यांची खूण म्हणजे डाव्या बाजूला उभे पीस खोवलेली फेल्टची टोपी. सामान्य सैनिकाचे पीस काळे. साथीदार वारला की अल्पिनी 'तो मेला' असे म्हणत नाहीत. 'तो पुढे गेला' असे म्हणतात. डोंगरवाटेवर एकामागोमाग एक चालणाऱ्यांची ही भाषा आहे.

आठवी रेजिमेंट १ ऑक्टोबर १९०९ रोजी उदिने येथे उभी राहिली. तिच्या तीन बटालियनांची नावे तोल्मेझ्झो, जेमोना आणि चिविदाले. तिन्ही फ्रिउलीतील गावे. अल्पिनींच्या बटालियनला ती जिथून माणसे घेते त्या गावाचे किंवा टापूचे नाव देण्याची रीत होती. युद्ध वाढले की आणखी बटालियना उभ्या राहत. त्यांना खोऱ्यांची आणि पर्वतांची नावे मिळत. रेजिमेंटची यादी वाचणे म्हणजे त्या भागाचा नकाशा वाचण्यासारखेच होते.

हा भाग दरिद्री होता. फ्रिउलीच्या उत्तरेकडील कार्निया या डोंगराळ पट्ट्यात जमीन थोडी आणि हिवाळा लांब. पुरुष वर्षातील कित्येक महिने सीमेपलीकडे ऑस्ट्रियात आणि जर्मनीत गवंडीकाम करायला, विटा भाजायला जात. घर, गाय, गवत आणि मुले स्त्रियांवर. ज्या देशाविरुद्ध सीमा राखायची त्याच देशात या माणसांनी भिंती बांधल्या होत्या. काही गावांत तर बोलीसुद्धा पलीकडचीच: मोंते क्रोचे खिंडीच्या पायथ्याचे तिमाउ हे गाव आजही जर्मन कुळातील बोली सांभाळून आहे.

रेजिमेंटच्या माणसांचा पहिला मोठा रणप्रसंग मात्र आल्प्समध्ये घडला नाही. १९१२ साली 'आठवी विशेष रेजिमेंट' या नावाने एक जमवाजमव करून ती लिबियात पाठवण्यात आली. त्यात फ्रिउलीची तोल्मेझ्झो बटालियन होती, बाकीच्या इतर रेजिमेंटांतून उचललेल्या. कर्नल अंतोनिओ कांतोरे यांच्या हाताखाली या दलाने २३ मार्च १९१३ रोजी असाबा येथे विजय मिळवला. दारची खिंड राखण्यासाठी काढलेले सैन्य समुद्र ओलांडून दुसऱ्याची भूमी घेऊ लागले होते. हा बदल तेव्हा फारसा कोणाला खटकला नाही. पुढे तो फार महागात पडला.

२४ मे १९१५ रोजी इटली ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्धात उतरली, आणि रेजिमेंट एकदाची आपल्या मूळ कामावर आली. पाल पिक्कोलो, पाल ग्रांदे, फ्राइकोफेल: कार्नियाच्या माथ्यावरील या शिखरांवर दोन्ही बाजूंचे खंदक काही ठिकाणी हाकेच्या अंतरावर होते. खाली खोऱ्यात त्या सैनिकांचीच गावे. पेरुक्केत्तीची कल्पना इतक्या शब्दशः क्वचितच कुठे उतरली असेल.

पण एक अडचण होती. शिखरांपर्यंत रस्ते नव्हते. खेचरे काही उंचीपर्यंत जात, पुढे नाही; आणि सैनिकांना ओझी वाहायला लावले तर खंदक रिकामे पडत. तेव्हा लष्कराने खोऱ्यातील स्त्रियांना हाक दिली. मुली, तरुण आया, आज्या; पंधरा वर्षांपासून साठीपर्यंतच्या स्त्रिया पुढे आल्या.

त्यांना 'पोर्तात्रिची' म्हणजे वाहणाऱ्या स्त्रिया म्हणत. एरवी गवत आणि लाकूड आणण्याची पाठीवरची उभट टोपली आता काडतुसे, हातबाँब, भाकरी आणि औषधांनी भरू लागली. ओझे तीस-चाळीस किलोंचे. चढ सहाशेपासून बाराशे मीटरपर्यंत. पायात चिंध्यांचे थर शिवून केलेले घरगुती जोडे. दंडावर लाल पट्टी आणि तिच्यावर ज्या तुकडीचा माल वाहायचा तिचा क्रमांक. एका खेपेला दीड लिरा. परतताना कधी जखमींच्या डोल्या, कधी प्रेते, कधी धुवायचे कपडे.

तिमाउची मारिया प्लोझ्नर मेंतिल ही त्यांच्यातली एक. चार मुलांची आई. नवरा दुसऱ्या आघाडीवर. १५ फेब्रुवारी १९१६ रोजी ओझे पोचवून विसाव्याला बसली असताना पलीकडच्या नेमबाजाची गोळी तिला लागली आणि तिचा अंत झाला. गोळी झाडणारा कोण होता ते अज्ञात आहे. पण तिची घरची बोली त्याच डोंगराच्या पलीकडल्या उतारावरही समजली जात होती. लष्कराने १९५५ मध्ये पालुझ्झा येथील छावणीला तिचे नाव दिले. सुवर्ण शौर्यपदक मात्र मिळायला १९९७ साल उजाडावे लागले.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातील दुसरी घटना कमी लोकांना ठाऊक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय या रेजिमेंटचा इतिहास प्रामाणिकपणे लिहिता येत नाही.

जून १९१६. आठव्या रेजिमेंटच्या 'मोंते आर्व्हेनिस' बटालियनमधील १०९ व्या कंपनीला चेलॉन शिखरावरील ऑस्ट्रियन ठाण्यावर हल्ला करण्याचा हुकूम झाला. उघडा खडकाळ उतार, वर मशीनगन, आणि हल्ला दिवसाउजेडी. कंपनीत त्याच डोंगराखाली वाढलेली माणसे होती. त्यांनी सुचवले की, रात्रीची किंवा धुके उतरण्याची वाट पाहावी, मग चढावे. याच ज्ञानासाठी तर त्यांची भरती झालेली. पण हुकूमाच्या उतरंडीत खालून वर जाणाऱ्या शब्दाला 'सूचना' म्हणत नाहीत. वरिष्ठांनी त्याला शत्रूसमोरील बंड ठरवले.

चेर्चिवेंतो गावच्या चर्चमध्ये लष्करी न्यायालय बसले. कित्येक सैनिक आरोपी होते. सुनावणी रातोरात उरकण्यात आली. बहुतेकांना कैद. सिल्व्हिओ गाएतानो ओर्तिस, बाझिलिओ मातिझ, जोव्हान बात्तिस्ता कोर्राद्दाझ्झी आणि आंजेलो मास्सारो या चौघांना मृत्युदंड. चौघेही फ्रिउलीचेच. १ जुलै १९१६ च्या पहाटे गावच्या दफनभूमीमागे त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ओर्तिस शेजारच्या पालुझ्झाचा आणि मातिझ तिमाउचा. परक्या मुलखात झालेली शिक्षा हद्दीपलीकडे विसरली जाते. इथे मारलेल्यांची आडनावे त्याच खोऱ्यात रोज हाकारली जात होती, आणि 'बंडखोराचे घर' हा डाग कुटुंबांना पिढ्यानपिढ्या वागवावा लागला.

ऑक्टोबर १९१७ मध्ये कापोरेत्तो येथे इटालियन आघाडी कोसळली. कार्नियाची शिखरे लढून गेली नाहीत. बगल उघडी पडल्याने ती सोडावी लागली. आठव्या रेजिमेंटच्या भरतीचा संपूर्ण टापू एका पंधरवड्यात शत्रूच्या ताब्यात गेला. पुढचे वर्षभर तिचे सैनिक घराकडे तोंड करून लढले, आणि घरून पत्र येण्याची सोय उरली नव्हती.

विजयानंतर फॅसिस्ट राजवट आली. तिने अल्पिनींची टोपी, गाणी आणि खडतरपणा यांचा प्रचारासाठी भरपूर उपयोग करून घेतला. १९३५ मध्ये आठवी आणि नववी अल्पिनी मिळून 'ज्युलिया' ही पर्वतीय डिव्हिजन तयार झाली. पर्वतीय तोफखान्याची तिसरी रेजिमेंट तिच्या जोडीला होती.

२८ ऑक्टोबर १९४० रोजी मुसोलिनीने अल्बानियातून ग्रीसवर चढाई केली. पिंदस पर्वतरांग चिरत मेत्सोवोची खिंड गाठण्याचे काम ज्युलियाकडे. पाऊस, चिखल, फुगलेल्या नद्या. पाठीमागून रसद नाही. डिव्हिजन चाळीसएक किलोमीटर आत घुसली, आणि कर्नल दाव्हाकिस यांच्या छोट्या तुकडीने व मागून आलेल्या ग्रीक कुमकेने तिच्या दोन्ही बाजू आवळल्या. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ती जबर हानी सोसून मागे निसटली.

ग्रीक सैन्याला दारूगोळा पोचवत कोण होते? पिंदसमधील गावांच्या स्त्रिया. पाठीवर पेट्या बांधून, निसरड्या वाटांनी, आपल्या घरावर चालून आलेल्यांविरुद्ध. ज्यांच्या आया आणि मावश्यांनी चोवीस वर्षांपूर्वी कार्नियात हेच केले होते, ते तरुण आता चालून आलेल्यांच्या बाजूला होते. खोऱ्याच्या माणसाने खोरे राखावे हे पेरुक्केत्तीचे सूत्र खरेच ठरले होते. फक्त ते ग्रीकांच्या बाजूने.

त्या हिवाळ्यात ज्युलियाचे इतके सैनिक गेले की अल्बानिया-ग्रीस सीमेवरील पेरातीच्या पुलाचे नाव एका शोकगीतातून घरोघरी पोचले. पहिल्या महायुद्धातील गाण्याची चाल आणि साचा घेऊन सैनिकांनी ते रचले. फॅसिस्ट राजवटीला ते आवडणे शक्यच नव्हते. त्यात विजय नाही, केवळ मेलेले तरुण आहेत.

मग गालिलेआ. जहाज बुडाले त्या रात्री नेमके काय झाले असेल हे समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते: यांतील पुष्कळांना पोहणे येत नव्हते. त्यांच्या गावी पाणी म्हणजे बर्फ वितळून धावणारा ओढा. एखादी बटालियन देशभरातून भरती झालेली असती, तर सहाशे मृत्यू सहाशे गावांत वाटले गेले असते. इथे ते तालियामेंतो नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या मोजक्या गावांच्या वाट्याला आले. पेरुक्केत्तीच्या हिशेबात ही बाजू नव्हती. जेमोना बटालियन पुन्हा भरण्यात आली. कोठून? त्याच गावांतून.

आणि चार-पाच महिन्यांत ती रशियाकडे निघाली. अल्पिनींच्या तीन डिव्हिजना, त्रिदेंतिना, ज्युलिया आणि कुनेएन्से, कॉकेशसच्या पर्वतांत लढण्यासाठी म्हणून पाठवल्या होत्या. त्यांच्याकडे दोर होते, बर्फातल्या कुदळी होत्या, हजारो खेचरे होती. वाटेत बेत बदलला आणि त्यांना डॉन नदीच्या काठी, नजर पोचेल तिथवर सपाट असलेल्या प्रदेशात खंदक धरायला बसवण्यात आले. शत्रूच्या रणगाड्यांपुढे खेचरे.

१६ डिसेंबर १९४२ रोजी सोव्हिएत सैन्याने दक्षिणेकडील इटालियन आघाडी फोडली. ते भगदाड बुजवण्यासाठी ज्युलियाला तिच्या तयार, उबदार खंदकांतून उचलून उघड्या बर्फात नेण्यात आले. नव्या जागी निवारा नव्हता. जमीन इतकी गोठलेली की फावडे उमटेना. तापमान शून्याखाली तीस अंश आणि त्याहून खाली. अशा स्थितीत ती डिव्हिजन जवळपास महिनाभर टिकली. जर्मन युद्धवार्तापत्रानेही तिचा नावाने गौरव केला. त्या गौरवाने कोणाचे पाय गोठायचे थांबले नाहीत.

१७ जानेवारी १९४३ च्या संध्याकाळी माघारीचा हुकूम आला, तेव्हा सोव्हिएत रणगाडे पाठीमागे कधीच पोचलेले होते. पुढचे दहा दिवस म्हणजे पायी केलेली वाटचाल. त्रिदेंतिनाने २६ जानेवारीला निकोलायेव्हका येथे वेढा फोडला आणि तिच्यामागून हजारो विस्कळीत सैनिक बाहेर पडले. आठव्या रेजिमेंटचा मोठा भाग तिथवर पोचलाच नाही. तो वाटेतच घेरला जाऊन कैद झाला. कर्नल चिमोलिनो यांचा मृत्यू कैदेतच झाला. ज्युलिया डिव्हिजनच्या सुमारे सोळा-सतरा हजारांतून वेढ्याबाहेर आले ते सुमारे ३,३००. ज्युलियाच्या तोफखान्यातील डॉक्टर जुलिओ बेदेस्की यांनी १९६३ मध्ये या माघारीवर पुस्तक लिहिले, ते इटलीत अफाट खपले. वीस वर्षे ज्यांना मुलगा, भाऊ कुठे संपला ते कळले नव्हते, अशी घरे ते वाचत होती.

८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीची शरणागती जाहीर झाली आणि रेजिमेंट विसर्जित झाली. फ्रिउली थेट जर्मन अंमलाखाली गेला. घरी पोचलेले अनेक अल्पिनी डोंगरातील प्रतिकार गटांत सामील झाले. १९४४ च्या उन्हाळ्यात कार्नियात काही आठवडे एक स्वतंत्र प्रजासत्ताकही नांदले.

मग जर्मनांनी जे केले ते कादंबरीत असते तर अतिशयोक्त वाटले असते. सोव्हिएत सत्तेविरुद्ध त्यांच्या बाजूने आलेल्या कोसॅकांना त्यांनी कार्नियात वसवले. डॉन, कुबान आणि तेरेक या नद्यांकाठची माणसे. बायका, मुले, घोडे, उंट यांच्यासह वीस हजारांहून अधिक. आलेसो गावातील रहिवाशांना हुसकावून त्याचे नाव नोव्होचेरकास्क ठेवण्यात आले. डॉन कोसॅकांच्या राजधानीचे नाव. दोन वर्षांपूर्वी अल्पिनी डॉनकाठच्या झोपड्यांत शिरले होते. आता डॉनकाठची माणसे अल्पिनींच्या स्वयंपाकघरांत होती. मे १९४५ मध्ये हे कोसॅक तांडे ऑस्ट्रियाकडे निघून गेले, त्याच मोंते क्रोचे खिंडीवरून, जिच्यासाठी पोर्तात्रिची ओझी वाहत होत्या.

युद्धानंतर रेजिमेंट पुन्हा उभी राहिली आणि तीस वर्षे शीतयुद्धाच्या सीमेवर पहारा देत राहिली. १९७५ च्या लष्करी पुनर्रचनेत तिचे नाव मिटले. बटालियना स्वतंत्र झाल्या.

६ मे १९७६ रोजी रात्री नऊच्या सुमारास फ्रिउलीत भूकंप झाला. सुमारे ९९० माणसे गेली. सर्वाधिक हानी जेमोनात. तिथल्या गोई-पांतानाली छावणीची इमारत कोसळून ज्युलिया ब्रिगेडचे २९ तरुण सैनिक गाडले गेले. जे वाचले ते हातांनीच दगड उपसत गावात शिरले.

त्या उन्हाळ्यात देशभरातून निवृत्त अल्पिनी येऊ लागले. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने भूकंपग्रस्त गावांत कामाचे तळ उघडले, आणि सुमारे १५,००० स्वयंसेवकांनी रजा टाकून छपरे, भिंती, शाळा दुरुस्त केल्या. यांत गवंडी होते, सुतार होते, वीजतंत्री होते. या खोऱ्यांना गवंड्यांची किंमत सांगायची गरज नव्हती. सप्टेंबरमधील दुसऱ्या धक्क्याने बरेच काम पुन्हा पाडले. वेंझोने या तटबंदीच्या गावाचे कॅथेड्रल तेव्हाच कोसळले. गावकऱ्यांनी त्याचे दगड फेकू दिले नाहीत. एकेक दगड ओळखून, क्रमांक घालून, ते जुन्या जागी पुन्हा रचले गेले. इटलीच्या आजच्या नागरी संरक्षण यंत्रणेची मुळे बऱ्याच अंशी या उन्हाळ्यात आहेत.

१९९२ मध्ये आठवी अल्पिनी रेजिमेंट या नावाने पुन्हा उभी राहिली. आज तिचे ठाणे याच वेंझोनेत आहे आणि तिच्या बटालियनचे नाव तोल्मेझ्झो. अफगाणिस्तानातही ती जाऊन आली. परंतु २००५ मध्ये सक्तीची लष्करी सेवा थांबली, आणि तिच्याबरोबर टापूवार भरतीही संपली. आता पीस खोवणारे अनेक जण दक्षिण इटलीचे असतात. आठव्या रेजिमेंटवर गोळा पडला तर एका खोऱ्याची पिढी जाणार नाही. आणि १९१६ सारखा एखादा उतार समोर आला, तर तो डोंगर लहानपणापासून पाहिलेले कोणी रांगेत असेलच असेही नाही.

चेर्चिवेंतोच्या चौघांचे काय झाले? ओर्तिसच्या नात्यातील एकाने, जो स्वतः अल्पिनी होता, निकालाच्या फेरविचारासाठी लष्करी न्यायालयाकडे अर्ज केला. अर्ज फेटाळण्यात आला. कारण असे की, त्यावर खुद्द शिक्षा झालेल्या व्यक्तीची सही नव्हती.

२०२१ साली फ्रिउली-व्हेनेत्सिया जुलिया प्रांताने कायदा करून पहिल्या महायुद्धात अशा रीतीने मारल्या गेलेल्या सैनिकांचा सन्मान परत करण्याची तरतूद केली. मूळ निकाल रद्द करण्याचा अधिकार प्रांताला नव्हता. गावाने मात्र कायद्याची वाट पाहिली नव्हती. दफनभूमीमागे, जिथे त्या चौघांना उभे करण्यात आले होते, तिथे १९९६ मध्येच स्मरणशिळा बसवण्यात आली होती.